दिंडाची रशियातली बहीण

गेल्या नागपंचमीची गोष्ट. आमच्याकडे त्या दिवशी विळी-सुरीला हात लावत नाहीत, तवा चढत नाही आणि कढईत तळण पडत नाही. चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही. मग उरतं काय? उकडायचं! म्हणून पुरणाचे दिंड. कणकेची पारी लाटायची, मधे पुरण ठेवायचं, चारी बाजूंनी घडी घालून चौकोनी पुडी करायची आणि चाळणीवर वाफवायची. वरून साजूक तुपाची धार. लग्न होऊन लासूर स्टेशनला आले तेव्हापासून एकही वर्ष चुकलेलं नाही.

धाकटा पानावर बसला. त्यानं दिंड फोडला, तूप घातलं, एक घास खाल्ला आणि म्हणाला, ‘‘आई, ही तर वरेनिकी!’’

शब्द मला कळला नाही. पण पंधरा दिवसांत तो आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य होतं, त्यामुळे माझ्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं आज रशिया, जॉर्जिया, किरगिझस्तान अशा देशांत डॉक्टरकी शिकतात. इथे सरकारी कॉलेजला नंबर लागत नाही, खासगीची फी झेपत नाही. मग कुणी शेत गहाण टाकतं, कुणी प्लॉट विकतं. आम्ही एक एकर विकलं. हे कांद्याच्या आडतीवर हिशेब लिहितात, त्या पगारात दुसरं काय होणार? 2018 साली धाकटा गेला. मॉस्कोच्या पूर्वेला हजार-बाराशे किलोमीटरवर, उरल पर्वताच्या अलीकडे इझेव्स्क नावाचं शहर आहे, तिथे. कलाश्निकोव्ह बंदुकीचं गाव म्हणून जगाला माहीत. आपल्या घड्याळापेक्षा दीड तास मागे. म्हणजे आमची रात्रीची भाकरी थापून व्हायची तेव्हा त्याची संध्याकाळ असायची. तेव्हाच फोन व्हायचा.

सहा वर्षांनी परत आला तो पदवी घेऊन. पण बाहेरून शिकून आलेल्यांना इथे एक परीक्षा द्यावी लागते. 300 प्रश्न, पास व्हायला 150 बरोबर हवेत. वर्षातून दोनदा होते. काही वेळा बसलेल्यांपैकी पाचात जेमतेम एक पास होतो. पहिल्या वेळी तो नापास झाला. दुसऱ्यांदा नागपंचमीच्या तोंडावर परीक्षा दिली आणि वरच्या खोलीत जाऊन बसला. जेवायला हाक मारली की खाली, जेवण झालं की वर. ‘पेपर कसा गेला’ विचारलं की ‘बरा’. बाजारात गेलं की बायका विचारायच्या, ‘‘झाला का डॉक्टर? दवाखाना कुठं टाकताय?’’ मी हसून वेळ मारून न्यायची. खरं सांगायचं तर मीही घरी येऊन त्याला तेच विचारत होते, फक्त शब्द वेगळे.

ऑगस्टमध्ये निकाल आला. पुन्हा नापास. थोडक्यात गेली.

त्या रात्री त्यानं पान तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशीही. मी आवडीचं सगळं करून पाहिलं. भरली वांगी झाली, धपाटे झाले, शेंगोळे झाले. ताटात बोटं फिरवायचा आणि उठायचा. तेव्हा मला नागपंचमीचा तो शब्द आठवला. वर गेले आणि विचारलं, ‘‘त्या दिवशी तू दिंडाला काय म्हणाला होतास रे? मला शिकव. रविवारी करू.’’

तो बघतच राहिला.

कानासारखी भाकर

त्यानं आधी मला एक भेद समजावला. तिकडे उकडून खायच्या या पुड्या मुख्यतः दोन प्रकारच्या. एक पेलमेनी. त्या लहान, एका घासाच्या. सारण कच्च्या खिम्याचं. दुसऱ्या वरेनिकी. त्या मोठ्या, अर्धचंद्रासारख्या, थेट आपल्या करंजीच्या बहिणी. त्यांत बटाटा, कोबी, ताज्या दह्या-दुधाचं पनीर किंवा चेरीची फळं. वरेनिकी मूळच्या युक्रेनच्या, पण रशियात घरोघरी रुळलेल्या. पेलमेनी मात्र उरल आणि सैबेरियाच्या थंडीतल्या.

इझेव्स्क ही उदमुर्तिया प्रांताची राजधानी. तिथल्या उदमुर्त लोकांच्या भाषेत ‘पेल’ म्हणजे कान आणि ‘न्यान’ म्हणजे भाकर. कानाच्या आकाराची भाकर, म्हणून पेलन्यान, त्याचं रशियन तोंडी झालं पेलमेनी. न्यान म्हटलं की आपल्याला नान आठवतो आणि कान म्हटलं की आपला कानवला! या गावात तर पेलमेनीचं स्मारकच आहे. भल्यामोठ्या काट्यावर टोचलेली एक पेलमेनी, 2004 साली उभारलेली. ‘‘आपल्याकडे पुतळे माणसांचे, तिकडे करंजीचा,’’ असं धाकटा म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी हसला.

मला सगळ्यात आवडलं ते पेलमेनी करण्याचं तंत्र. थंडी पडली की घरातली सगळी माणसं एका टेबलाभोवती बसतात. एक लाटतो, एक पाऱ्या कापतो, बाकीचे भरतात. शेकड्यांनी करतात. मग फळ्यांवर मांडून बाहेर ठेवतात. उणे वीस-पंचवीसची थंडी, तासाभरात दगड! ते दगड पोत्यात भरून हिवाळाभर पुरवायचे. शिकारी, वाटसरू बरोबर न्यायचे आणि रानात बर्फ वितळवून त्या पाण्यात उकळायचे. शहरातल्या हॉस्टेलवर पोरं जाळीच्या पिशवीत घालून खिडकीबाहेर टांगतात, हिवाळ्यात फ्रीजची गरजच नाही.

ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आपली उन्हाळ्याची कामं आली. कुरडया, शेवया, पापड, खारोड्या. गल्लीतल्या सगळ्या जणी एकीच्या ओट्यावर जमायच्या, उद्या दुसरीच्या. खाटेवर धोतर पसरून वाळवण घालायचं. आपण वर्षाची बेगमी उन्हावर करतो, त्यांनी बर्फावर केली. बाईचं डोकं सगळीकडे सारखंच चालतं बघा.

एक अवघड गोष्ट

आमचं घर माळकरी. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी. घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यामुळे मी सहज म्हणाले, ‘‘म्हणजे तू तिकडे वरेनिकीच खात असशील. पेलमेनीत तर खिमा असतो.’’

तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘आई, तुला एक सांगायचं होतं.’’

आणि त्यानं जे सांगितलं ते मला आजवर माहीत नव्हतं.

फेब्रुवारी 2022 मध्ये युद्ध सुरू झालं. आपलं सगळ्यांचं लक्ष युक्रेनमध्ये अडकलेल्या मुलांकडे होतं, आणि ते बरोबरच होतं. ‘ऑपरेशन गंगा’ची विमानं आपण टीव्हीवर बघत होतो. रशियातली मुलं सुरक्षित आहेत म्हणून आम्ही देवाचे आभार मानले. पण मार्चमध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्यांनी रशियातलं काम थांबवलं. बाहेरच्या देशांची कार्डं 10 मार्चपासून तिथे चालेनाशी झाली. काही रशियन बँकांचा परदेशाशी पैशांचा व्यवहारच तुटला. ह्यांनी बँकेत खेटे घातले, ओळखीच्यांना विचारलं. आम्ही फोनवर विचारायचो, ‘‘पैसे आहेत ना?’’ तो म्हणायचा, ‘‘आहेत. मित्राकडून घेतले. जेवलो.’’

जेवला नव्हता. तीन आठवडे त्याच्याकडे चहा-पावापुरते पैसे होते. मित्रांची तीच गत. हॉस्टेलच्या दारावर रात्रपाळीला एक आजी बसायची. तिकडे म्हातारीला ‘बाबुश्का’ म्हणतात, म्हणून सगळी पोरं तिला तीच हाक मारायची. शिस्तीची खडूस. अकरानंतर कुणाला आत सोडायची नाही. एका रात्री तिनं याचं तोंड बघितलं, काही न विचारता खोलीत नेलं, डब्यातल्या गोठलेल्या पेलमेनी पाण्यात सोडल्या आणि वाफाळती बशी पुढे ठेवली. वर सायीसारखं काहीतरी आंबट-गोड. ‘‘येश्, सिनोक,’’ म्हणाली. म्हणजे, खा रे लेकरा.

‘‘आत मांस आहे हे मला माहीत होतं, आई. मी खाल्लं. दुसऱ्या दिवशीही खाल्लं. तिला नंतर कुणीतरी सांगितलं की हा मांस खात नाही. तिनं डोक्याला हात लावला आणि पुढच्या वेळी बटाट्याच्या वरेनिकी करून आणल्या. पैसे येईपर्यंत रोज काहीतरी आणायची. तिला स्वतःला पेन्शन किती असणार?’’

मी खुर्चीवर बसले. मला राग आला, तो कुणाचा ते कळेना. आपलं लेकरू उपाशी होतं आणि मी इथे शेजारणीला सांगत होते, ‘आमचा अगदी मजेत आहे.’ आणि आणखी एक भावना होती, ती सांगायला लाज वाटते. त्या परक्या बाईचा मला हेवा वाटला. माझ्या मुलाच्या तोंडात तिनं घास घातला तेव्हा मी कुठे होते?

ही गोष्ट सासूबाईंपासून लपवायची असं आमचं ठरलं. पण जुन्या घरात भिंतींना कान असतात. संध्याकाळी त्या जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, ‘‘त्यो वरून काय सांगत व्हता ते ऐकलं मी.’’ माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी माळ खाली ठेवली. ‘‘दारी आलेल्या भुकेल्याला त्या बाईनं जेवू घातलं. आपण वारीत दुसरं काय करतो? रविवारी करायलीस ना त्ये? मला पारी करायला घे.’’

ह्या बाईनं मला लग्नानंतर वर्षभर स्वयंपाकघरात कांदा कसा चिरायचा ते शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांनी मला आणखी काही शिकवलं.

रविवारचा कारखाना

रविवारी आमच्या बचत गटातल्या तिघी जणी आल्या. मी मुद्दाम बोलावलं होतं. ही जात एकटीनं करायची नव्हेच. धाकटा मास्तर झाला आणि आम्ही पाच जणी त्याच्या विद्यार्थिनी. सासूबाई पाटावर, पोळपाट पुढ्यात.

मी मापं लिहून ठेवली आहेत. चाळीस-पंचेचाळीस नग होतात, चार-पाच माणसांना पोटभर.

पारीसाठी तीन वाट्या मैदा, चमचाभर मीठ, दोन चमचे तेल आणि साधारण एक वाटी कडकडीत पाणी. रशियन बायका पिठात अंडं घालतात. आपल्याला नको असेल तर गरम पाण्यात भिजवायचं, पारी मऊ होते आणि फाटत नाही. पाणी एकदम ओतू नका. आधी चमच्यानं कालवा, सोसवेल इतकं निवलं की हातानं चांगलं मळा. पुरीच्या पिठाइतकं घट्ट नको आणि पोळीच्या कणकेइतकं सैलही नको. ओलं फडकं टाकून अर्धा तास ठेवा. हा अर्धा तास वाचवू नका, नाहीतर पारी लाटली की आखडते.

सारणासाठी अर्धा किलो बटाटे उकडून गरम असतानाच कुस्करा. गुठळी राहू देऊ नका. दोन मोठे कांदे बारीक चिरून लोण्यावर मंद आचेवर परता, चांगले सोनेरी होऊ द्या. कांद्याच्या बाबतीत आमचं लासूर स्टेशन हात आखडत नाही, मी तीन घातले! मीठ आणि मिरपूड. बस.

‘‘फोडणी?’’ एकीनं विचारलं.

‘‘नाही, काकू.’’

‘‘हळद तरी? हिरवी मिरची? कोथिंबीर?’’

‘‘नाही. मग तो बटाटेवडा होतो.’’

आमच्या सगळ्यांचे हात शिवशिवत होते. पण त्याला हवी होती ती त्याच्या आठवणीतली चव, आमची सुधारलेली नव्हे. हे मोठं अवघड काम आहे बरं का. दुसऱ्याच्या आवडीचं करताना आपली मिरची बाजूला ठेवायची!

मांसाहारी घरांसाठी पेलमेनीचंही सांगते. उरलमध्ये दोन-तीन प्रकारच्या मांसाचा खिमा एकत्र करतात. आपल्याकडे मटणाचा किंवा चिकनचा चालेल. पाव किलो खिम्यात एक कांदा किसून घालायचा, मीठ, मिरपूड आणि तीन-चार चमचे थंड पाणी. पाण्यामुळे आत रस राहतो. खिमा कच्चाच भरायचा, म्हणून पारी लहान, दोन बोटं रुंद. सोव्हिएत काळापासून तिथे यासाठी अॅल्युमिनियमचा षटकोनी साचा मिळतो. त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी 37 भोकं. एक पोळी पसरायची, भोकाभोकात खिमा, वर दुसरी पोळी आणि लाटणं फिरवलं की एका दमात 37 तयार.

आमच्याकडे साचा नव्हता. पातळ पोळी लाटून स्टीलच्या वाटीनं गोल पाडले. मधे चमचाभर सारण, दुमडून कडा दाबल्या. सासूबाईंनी एक उचलली, कड चिमटीत धरली आणि करंजीला घालतात तशी मुरड घातली. धाकटा ओरडला, ‘‘आजी, बाबुश्का अश्शीच घालायची!’’

खरंच, तिकडेही वरेनिकीला वेणीसारखी मुरड घालतात. शोभेची तर आहेच, पण मुरड घातली की उकळत्या पाण्यात कड सुटत नाही. सासूबाईंनी ना ते गाव पाहिलं ना ती भाषा ऐकली. बोटांना मात्र ठाऊक होतं.

पहिला घाणा बिघडला

आता खोटं कशाला सांगू, पहिला घाणा पार वाया गेला. लहान पातेल्यात एकदम वीस-पंचवीस सोडल्या, पाणी खळखळा उकळत होतं. त्या एकमेकींवर आपटल्या, फुटल्या आणि बटाट्याचं सूप झालं. ‘‘वरणफळं झाली की गं,’’ म्हणत सगळ्या हसल्या. धाकट्यानं मग शांतपणे चुका सांगितल्या.

सारण कोमट होतं, ते पूर्ण गार हवं. गरम सारणाची वाफ पारी मऊ करते. काही कडांना कोरडं पीठ लागलं होतं, तिथे पारी चिकटत नाही. पीठ झटकायचं, गरज लागली तर पाण्याचं बोट फिरवायचं. पातेलं मोठं हवं, पाणी भरपूर, त्यात मीठ आणि एखादं तमालपत्र. एका वेळी दहा-बाराच. सोडल्या की त्या तळाला बसतात, तेव्हा झाऱ्याच्या पाठीनं एकदा अलगद हलवायचं, नाहीतर बुडाला धरतात. मग आच मध्यम. थोड्या वेळात एकेक वर येऊन तरंगते. वर आल्यावर बटाट्याच्या दोन-तीन मिनिटांत काढायच्या, कारण आतलं आधीच शिजलेलं आहे. खिम्याच्या पेलमेनी मात्र वर आल्यावर पाच-सात मिनिटं तरी ठेवायच्या, आणि एक फोडून बघायची. झाऱ्यानं निथळून ताटात काढल्या की लगेच लोणी फिरवायचं, म्हणजे चिकटत नाहीत.

दुसरा घाणा नीट आला. तिसरा तर फारच देखणा.

राहिलं ते वरचं. रशियात प्रत्येक गोष्टीवर ‘स्मेताना’ लागतं. दुकानात मिळत नाही म्हणून मी काळजीत होते. त्यानं समजावलं तेव्हा मला हसूच आलं. सायीला विरजण लावून ती आंबवली की झालं स्मेताना! अहो, लोण्यासाठी आपण आठवडाभर साठवतो तीच की विरजलेली साय. फ्रीजमधलं भांडं काढलं, चमच्यानं फेटून सारखी केली, चिमूटभर मीठ. ज्याच्यासाठी मी संभाजीनगरच्या मोठ्या दुकानात जाणार होते ते माझ्याच घरात झाकण लावून बसलं होतं.

पहिली बशी त्याच्यापुढे ठेवली. आम्ही सगळ्या उभ्या. त्यानं एक खाल्ली. दुसरी खाल्ली. मग मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी लपवायला मुलगे काय करतात ते आयांना माहीत असतं. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले.

बाहेर आले तर तो बोलत होता. सासूबाईंना, शेजारणींना. उणे तीस थंडीत पापण्यांवर बर्फ कसा धरतो, मुडदेघरातला पहिला दिवस कसा गेला, रशियन पेशंटशी बोलताना पहिल्या वेळी कशी बोबडी वळली. सहा वर्षांतलं कितीतरी. त्यानं एक गोष्ट सांगितली ती तुम्हालाही आवडेल. रशियानं 1918 साली आपलं कॅलेंडर बदललं, पण लोकांनी जुनं नवीन वर्ष सोडलं नाही. 13 जानेवारीच्या रात्री ते अजूनही साजरं करतात. त्या रात्रीच्या वरेनिकीत गंमत असते. एकीत नाणं लपवतात, एकीत साखर, एकीत मीठ, एकीत दोरा. नाणं आलं तर पैसा, साखर आली तर गोडवा, दोरा आला तर लांबचा प्रवास. शेवटच्या वर्षी बाबुश्कानं दिलेल्या बशीत त्याला दोरा आला होता. ‘‘डोमोय,’’ ती म्हणाली होती. म्हणजे घरी.

13 जानेवारी म्हणजे बहुतेक वर्षी आपली भोगी! आपण तिळाची भाकरी, भोगीची भाजी आणि लोण्याचा गोळा करत असतो त्याच रात्री.

घरी पोचलेला वाटसरू

बी.ए.ला मला इतिहास होता. तेव्हा अफनासी निकितीन नावाच्या रशियन व्यापाऱ्याबद्दल वाचलं होतं. पंधराव्या शतकात तो त्वेर गावाहून निघाला आणि समुद्रमार्गे आपल्या कोकणात चौलला उतरला. विकायला एक घोडा आणला होता. पावसाळ्यात जुन्नरला अडकला, तिथल्या सुभेदारानं घोडाच काढून घेतला, मोठ्या मुश्किलीनं परत मिळाला. त्यानं लिहून ठेवलेलं प्रवासवर्णन प्रसिद्ध आहे, आणि रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. वाटेत लुटला गेला तेव्हा त्याची धर्माची पुस्तकं गेली. त्यामुळे आपले सण कधी, उपवास कधी, तेच त्याला कळेना. त्याचं दुःख त्यानं पानोपानी मांडलंय.

कॉलेजात हे नुसतं परीक्षेपुरतं वाचलं होतं. त्या रविवारी रात्री भांडी घासताना आठवलं आणि आत काहीतरी हललं. धाकट्याला सहा वर्षं नागपंचमी कधी, पोळा कधी, हे मी फोनवर सांगायची तेव्हा कळायचं. निकितीनला सांगणारं कुणी नव्हतं. आणि तो घरी पोचलाही नाही. परतीच्या वाटेवर, गावाच्या जवळ आल्यावर, स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला.

आमचा पोचला. आपल्या पायांनी लासूर स्टेशनला उतरला. त्याच्या बॅगेत पदवी होती, ती आम्ही लगेच बघितली. सोबत आणखी काय घेऊन आला, कुणाचं अन्न खाऊन आला, ते विचारायला मला वर्ष लागलं.

बचत गटाच्या कामात मला रोज आया भेटतात. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, ‘पास झाला का?’ विचारू नये असं मी म्हणत नाही. पैसा लागलाय, जमीन गेलीय, काळजी असणारच. पण त्या आधी एक प्रश्न विचारून बघा. ‘तिकडे तुला जेवायला कोण घालायचं?’ आमच्या गटातल्या एकीची मुलगी किरगिझस्तानला आहे. त्या रविवारी ती घरी गेली आणि तिनं फोनवर हाच प्रश्न विचारला. रोज चार मिनिटांत संपणारा फोन तासभर चालला म्हणे. मुलगी म्हणाली, इथेही अशाच मोठ्या पुड्या वाफवतात, मांती म्हणतात. परत आली की ती आम्हाला शिकवणार आहे.

धाकट्यानं पुन्हा अभ्यास सुरू केलाय. तिसऱ्यांदा बसणार आहे. काय होईल ते मी सांगू शकत नाही. तो आता खाली ओसरीवर बसून वाचतो, एवढं सांगते. मधेच आजीला एखादा रशियन शब्द शिकवतो. सासूबाई त्याला पानावर बसवताना ‘येश्, सिनोक’ म्हणतात, उच्चार वारकरी!

मित्राच्या मदतीनं त्यानं बाबुश्काला फोन लावला होता. तिला मराठी येत नाही, मला रशियन येत नाही. मी नुसते हात जोडले. तिनं हातातलं लाटणं वर करून दाखवलं.

येत्या भोगीला भाकरी-भाजीबरोबर वरेनिकीही होणार आहेत. एकीत नाणं, एकीत साखर. दोरा मात्र मी घालणार नाही.